महांतप्पांनी गाळलेली वाक्यं

धाराशिवच्या विधी सेवा कार्यालयाच्या पत्राला महांतप्पांनी उत्तर दिलंच नव्हतं. कानडी दुभाषी म्हणून यादीत नाव घालायला संमती आहे का, एवढंच त्यात विचारलं होतं. पण कॉलेजच्या ग्रंथालयात उभा जन्म काढलेल्या त्या भिडस्त माणसाला तेवढंही झेपेना. आपली कानडी आईकडून आलेली, चुलीपुढची; ती कोर्टात चालायची का? विचार करता करता पत्र शब्दकोशात जाऊन बसलं आणि दिवाळीही होऊन गेली.

मग एका सकाळी कार्यालयातली राजनंदिनीच दारात उभी राहिली.

"सर, उत्तराची वाट बघून मीच आले."

"यांच्या उत्तराची?" मथुराबाई आतून म्हणाल्या. "लग्नाला व्हय म्हणायला वरीस लावलं यांनी. माझ्या बापाच्या चपला झिजल्या, पोरी."

राजनंदिनीला हसायला सवड नव्हती. जळकोटजवळच्या एका ढाब्यावरून पोलिसांनी एक मुलगी सोडवली होती. कामाला लावतो म्हणून गावातल्याच माणसानं तिला कर्नाटकातून आणलं आणि विकलं होतं. उद्या तिला तिकडं पाठवायचं होतं.

"एकदा गावात पोचली की तो माणूस तिचं तोंड बंद करील, सर. आजच दंडाधिकारी मॅडमपुढं जबाब झाला पाहिजे. नेहमीचे दुभाषी आजारी पडलेत."

"माझ्याकडून काही चुकलं तर?"

"न गेलात तर चुकायला तरी काय उरतंय?" असं म्हणत मथुराबाईंनी त्यांच्या हातात टोपी दिली.

कोर्टाच्या मागच्या अंगाला एक लहान खोली होती. दंडाधिकारी मॅडम तिथं साध्या साडीत, मुलीच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी महिला पोलिसालासुद्धा बाहेर पाठवलं, महांतप्पांना शपथ दिली, कॅमेरा चालू केला आणि त्यांच्याकरवी मुलीला सांगितलं, की बोलायची सक्ती नाही. मग त्या नुसत्या बसून राहिल्या. घड्याळाकडं पाहिलं नाही, खाकरल्या नाहीत. पुस्तकांत महांतप्पांना न्यायाधीश पुष्कळ भेटले होते; इतकं छान गप्प बसणारं कुणी भेटलं नव्हतं.

मुलगी टेबलाकडं बघत बोलू लागली. बस, ढाबा, मागची खोली, बाहेरून लागणारी कडी. महांतप्पा एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. मग ती खोलीत काय घडायचं ते सांगू लागली. खूप वेळ बोलली. दोन बायामाणसांसमोर ते शब्द म्हाताऱ्याच्या तोंडातून निघेनात.

"तिला... फार त्रास दिला," ते म्हणाले.

मॅडमची टाइप करणारी बोटं थांबली. "ती एवढं बोलली सर, आणि तुम्ही एवढंच?"

ढाब्यावर राहून मुलीला मराठी कळू लागलं होतं. तिनं पहिल्यांदाच मान वर केली.

"अज्जा," ती कानडीत म्हणाली, "त्रास तर भांडी घासायचाही होता. मी हे सोसलंय. तुम्हाला ते नुसतं मराठीत सांगायचंय."

महांतप्पांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढीशी पोर, आणि आपल्याला शिकवत होती की कशाला लाजायचं आणि कशाला नाही.

"मॅडम, चूक माझी. मी लाजलो आणि वाक्यं गाळली. ती आता सगळी सांगतो."

"तसं नोंदवून घेते. तिला पुन्हा बोलायला लावायचं नाही, रेकॉर्डिंग लावू."

मुलीला विचारलं, बाहेर बसतेस का? तिनं नकार दिला. तिचाच आवाज खोलीत एकेक वाक्य पुन्हा उमटला आणि प्रत्येक वाक्यामागून महांतप्पांचा कापरा आवाज येत गेला. एकही शब्द त्यांनी सौम्य केला नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती, बरोबर आलं की मान हलवत होती. शेवटी जबाब वाचून दाखवला, आणि तिनं कानडीत, ठसठशीत अक्षरांत सही केली.

जाताना ती त्यांना म्हणाली, "अज्जा, तुमची कानडी म्हाताऱ्या बाईसारखी आहे."

"माझ्या आईची आहे ती," महांतप्पा म्हणाले, आणि ती हसली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. जबाब मात्र सीलबंद होऊन धाराशिवातच राहिला. आता गावात तिला कुणी कितीही धमकावलं, तरी तिचं सांगून झालं होतं.

महांतप्पांनी त्या दुपारी पत्र लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर आपल्या उणिवांचीच दोन पानं झाली, ती फाडली. दुसऱ्यावर लिहिलं: 'संमती आहे. मी भिडस्त आहे. माझ्याकडून काही गाळलं गेलं, तर तिथंच थांबवावं.'

"फोन केला तरी चाललं असतं की," मथुराबाई म्हणाल्या.

"त्यांनी पत्रानं विचारलंय," म्हणून ते उठले, आणि भर उन्हात पोस्टापर्यंत जाऊन पाकीट पेटीत टाकून आले.