चाळणीत तडकलेल्या सात

"हळू उचल गं, नले. मोडलेल्या बाजूला ठेव. पाहुण्यांना दिसता कामा नयेत."

चैत्रातल्या अंगणात, पांढऱ्या फेण्यांच्या पांढऱ्या रांगांवरून, चाळीस वर्षांपूर्वी आलेला आईचा तो आवाज. आज फाल्गुनातल्या उतरत्या उन्हात, खाडीकाठच्या कारखान्यात, तो नलिनी घागच्या कानाशी पुन्हा आला, आणि जाईना.

बाहेर खाडी ओहोटलेली. कांदळवनाच्या मुळांशी केशरी चिखल, धुराड्यांच्या माथ्यावर धूम्रवर्णी, शिणलेलं आभाळ. आत, प्रयोगशाळेच्या खिडकीशी, अ‍ॅल्युमिनाच्या शुभ्र गोळ्यांची रास. वाटाण्याएवढी एकेक, अंगोपांगी अदृश्य छिद्रं ल्यालेली. त्या छिद्रांत उत्प्रेरक वस्तीला येणार. वायू त्या सूक्ष्म वाटांनी आत शिरणार आणि रूप पालटून बाहेर पडणार.

छिद्रं वाढवावीत, तर गोळीचा भुगा होतो. गोळी कणखर करावी, तर छिद्रं मिटतात. चौदा महिने नलिनी या दोहोंच्या मधे उभी. चौदा महिने तेच मळणं, तेच वळणं, तेच भाजणं. धगीनं डोळे कोरडे, मनगटं जड, आणि स्वप्नातसुद्धा पांढरी धूळ.

परवा शेवटच्या घाण्यातल्या पन्नास गोळ्या यंत्राखाली दाबून पाहायच्या होत्या. सात आधीच, चाळणीतच तडकल्या. थकल्या हातानं तिनं त्या अलगद बाजूला सारल्या, दुसऱ्या सात अखंड उचलल्या. मजबुतीचा आकडा देखणा आला. नोंदवहीत उतरला. तिनं तो खोडला नाही.

दारात ट्रक उभा. उद्या या गोळ्या परगावच्या खत कारखान्यात, तीन माड उंचीच्या पोलादी पात्रात ओतल्या जातील. तळातल्या गोळीच्या माथी वरच्या साऱ्यांचा भार. तळाचा भुगा झाला, तर वायूची वाट बुजेल, दाब चढेल. आणि पात्राच्या पायथ्याशी माणसं असतील, डबा उघडून बसलेली.

पोंक्षे सर आले. रुपेरी केसांचे, झुकल्या खांद्यांचे, शनिवारी निवृत्त होणारे. हातात रवानगीचा कागद, मुद्रेवर कोवळा अभिमान.

"काय घागबाई! चौदा महिने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड. आज तरी हसा की! बारशाला आलाय की सुतकाला?"

"सर, चहा सांगू?"

"चहा मागाहून. आधी सही. तो ड्रायव्हर हॉर्न वाजवून जीव घेतोय. माझं शेवटचं काम, बाई, आणि बघा, काय गोड झालं!"

तिनं पेन घेतलं. ऊन राशीवरून उतरलं, सरांच्या केसांवरून उतरलं, कागदाच्या कडेवरून उतरलं. शुभ्र रास राखाडी झाली. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं. शाईचा एक ठिपका हळूहळू, हळूहळू पसरत गेला.

"सर..." तिचा आवाज खाडीसारखा ओसरलेला, पण तळ दाखवणारा. "सात गोळ्या चाळणीतच फुटल्या होत्या. मी त्या मोजल्याच नाहीत. गाडी थांबवा."