दहा नंबरचा उजवा फर्मा

मित्रांनो, फळीवर मला पाहिले की लहान मुले आईच्या मागे लपतात. त्यांना वाटते, हा कोणाचा तरी पाय आहे. घाबरू नका. मी एक जुना लाकडी फर्मा आहे. बूट शिवताना आत पाय नसतो, म्हणून कातड्याला आकार यावा यासाठी आम्हाला आत बसवतात. कातडे आमच्यावर ताणतात, चुका म्हणजे बारीक खिळे ठोकतात, आणि बूट तयार झाला की आम्हाला ओढून बाहेर काढतात. मी उजवा आहे. माझा डावा भाऊ शेजारीच असतो, पण तो पहिल्यापासून घुम्या, त्यामुळे घरची गोष्ट सांगण्याचे काम माझ्याच वाट्याला आले आहे.

मला थोरल्या मालकांनी स्वतःच्या हाताने कोरले. त्यांच्या एकुलत्या एका लेकराचा पाय वाढायचा थांबला, तेव्हा त्यांनी माप घेतले आणि माझ्या अंगावर दहाचा आकडा खोदला. त्या वेळी सगळे जग त्या लेकराला मुलगा म्हणत होते. मी मात्र तिला मालकीणच म्हणणार आहे. तिनेच पुढे तसे सांगितले, आणि जिच्या पायावर मी बेतलेला आहे तिचे मी ऐकायचे नाही तर कोणाचे?

मालकीण लहानपणी दुकानात तयार झालेले बायकांचे बूट पायात घालून आरशासमोर उभी राहायची. एकदा थोरल्या मालकांनी पाहिले आणि तिच्या मुस्कटात भडकावली. त्यानंतर ती आरशासमोर गेली नाही. टोचायची आरी आणि कातडे कापायची रापी हातात घेतली, मान खाली घातली आणि काम शिकली. हात असा बसला की वडिलांचे गिऱ्हाईकसुद्धा तिलाच मागू लागले. लग्न झाले. बायको घरी आली, तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वहिनी मशीनवर बुटांचे वरचे भाग शिवायच्या. त्यांचा टाका इतका बारीक की तो शोधायला चष्मा लागायचा. दोघींचे गुळपीठ होते, हे मी शपथेवर सांगेन. दुपारी एकाच डब्यातून जेवत आणि गिऱ्हाइकांच्या नकला करून हसत. थोरली झाली, मग धाकटा झाला. त्या मुलांना मालकिणीने कधी विकतचे बूट घालू दिले नाहीत.

माझेही ते दिवस सुखाचे होते. दहा नंबरचे पाय कमी, पण ज्यांचे होते त्यांना माझ्याशिवाय तरणोपाय नव्हता. कोणाचे हाड वाढलेले असले की मालकीण माझ्यावर कातड्याची चकती चिकटवायची, काम झाले की खरवडून काढायची. मग थोरले मालक गेले. थोरली नोकरीला लागून दुसऱ्या गावी राहू लागली, धाकटाही आपल्या पायावर उभा राहिला. दुकानात दोघीच उरल्या.

अशात एक उंच बाई दुकानात आल्या. त्या मुलांना पोहायला शिकवत. म्हणाल्या, "माझ्या मापाचं बायकांचं काही मिळत नाही हो. सगळीकडे सातावर गाडी अडते. तुम्हाला जमेल?"

मालकिणीने माप घेतले आणि मला फळीवरून उतरवले. त्या बाईंचे सपाट, नाजूक पट्ट्याचे बूट माझ्यावर तयार झाले. न्यायला येण्याआधी मालकिणीने ते पायात घातले. ते तिला बसले. बसणारच होते, मी तिचाच तर फर्मा! पण ती ते घालून स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडली. तिचे रडणे मी त्याआधी पाहिले नव्हते. थोरले मालक गेले तेव्हाही ती रडली नव्हती.

पुढचे काही महिने तिचा कामात जीव नव्हता. सुट्टीच्या दिवशी वहिनी बाजारात गेल्या की ती दार लोटून माझ्यावर एक वेगळाच जोड बांधायची. गडद लाल कातडे, निमुळते नाक आणि उंच टाच. मी मनातून ओरडत होतो, कारण ती चूक करत होती. मी सपाट बुटाचा फर्मा. माझ्यावर बांधलेल्या बुटाला उंच टाच लावली तर तो नाकावर उभा राहतो, चवडा टेकतच नाही. हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण टाचेचा नवा फर्मा कोरायचा तर वहिनी विचारणार, हा कोणासाठी? त्या एका प्रश्नाच्या धाकाने इतक्या वर्षांच्या कारागिराने असले शिकाऊ काम केले.

आणि प्रश्न काही टळला नाही. एका दुपारी वहिनी लवकर परतल्या. टेबलावर ते लाल बूट पुढे कलून उभे होते. वहिनींनी एक उचलला, उलटा केला आणि तळाचा आकडा वाचला.

"त्या पोहणाऱ्या बाईंचे का?" त्यांचा आवाज अगदी साधा होता. "चोरून करताय म्हणून विचारते. काय असेल ते सांगून टाका."

मित्रांनो, हो म्हणणे किती सोपे होते! नुसती मान हलवली असती तरी गिऱ्हाइकाचे काम म्हणून खपून गेले असते. फार तर संशय राहिला असता, चार दिवस भांडण झाले असते. मालकिणीने माझ्याकडे पाहिले. मी लाकूड, मी काय सांगणार?

"नाही," ती म्हणाली. "माझे आहेत."

वहिनींना आधी समजलेच नाही. मग मालकिणीने सांगायला सुरुवात केली. ती लहानपणीच्या त्या थपडेपासून सांगत होती. आपण आतून पहिल्यापासून बाईच आहोत, हे मानायला आपल्याला एवढे आयुष्य लागले, आता मात्र लपवून जगवत नाही, असे ती अडखळत म्हणाली. वहिनी बूट हातात धरून ऐकत राहिल्या.

"त्यापेक्षा दुसरी बाई असती तर बरं झालं असतं," शेवटी त्या म्हणाल्या. "तिच्याशी भांडता तरी आलं असतं मला. मग आपली इतकी वर्षं काय होती? माझ्याशी नाटक केलंत?"

"नाही गं. तुझ्याशी कधीच नाही. ऐक तरी..."

पण वहिनी उठल्या. मालकिणीचे सांगणे अर्ध्यातच राहिले.

मुलांना फोनवर कळवले. धाकटा म्हणाला, "दुकानाच्या पाटीवर माझंही आडनाव आहे. आमचा विचार केलात का जरा?" आणि त्याने फोन ठेवला. तो पुन्हा आला नाही. थोरलीने विचारले, "आम्ही तुम्हाला काय हाक मारायची?"

"बाबाच म्हण," मालकीण म्हणाली. "ते मी कमावलंय."

थोरली रडायला लागली, पण तिने फोन ठेवला नाही. तेवढेच त्या घरात त्या दिवशी बरे झाले.

मालकिणीने केस वाढवले, कपडे बदलले आणि दुकान रोजच्या वेळेला उघडले. गिऱ्हाईक निम्म्यावर आले. काही जण पायरीपर्यंत येऊन घड्याळ पाहत आणि काम आठवल्याचे दाखवून परत फिरत. मला त्यांचा राग येई. याच लोकांच्या तळपायाच्या भोवऱ्या आणि वाकडी बोटे मालकिणीने कधी चारचौघांत बोलून दाखवली नव्हती. वहिनी मशीनवर बसत, पण कामापुरतेच बोलत. जेवणाचे डबे वेगळे झाले. हसण्याचा आवाज तर त्या दुकानातून उठूनच गेला.

असे बरेच दिवस गेल्यावर वहिनींनी एकदा ते लाल बूट कपाटातून काढून टेबलावर आपटले.

"हे घालून पडाल तोंडावर. टाच चुकलीय. एवढंही कळलं नाही तुम्हाला? नवा फर्मा करा. आणि पाय पुढे घ्या, वय झालं की माप बदलतं."

त्या खाली बसल्या आणि त्यांनी मालकिणीच्या दोन्ही पायांची मापे घेतली. मान वर केली नाही. मालकिणीने टाचेचा नवा फर्मा कोरला. वहिनींनी वरचे भाग शिवले, तसाच तो बारीक टाका. मालकिणीच्या मनात आशा पालवली. माझ्याही पालवली, खोटे कशाला बोलू? जोड तयार झाला त्या दिवशी वहिनींनी धागा कापला, मशीनवर कापड घातले आणि सांगितले, "मी थोरलीकडे राहायला जाते. तुमचा राग नाही आता. पण मला इथे राहवत नाही."

मालकीण ते बूट घालूनच त्यांना सोडायला निघाली. दाराच्या काचेतून मला गल्लीच्या टोकापर्यंत दिसते. बॅग मालकिणीच्या हातात होती. दोघींनी एकमेकींचा हात धरला नव्हता. पण नवीन टाचांवर मालकिणीला भरभर चालता येत नव्हते, म्हणून वहिनी सावकाश चालत होत्या. गाडीची वेळ झाली होती, तरी त्या सावकाशच चालत होत्या.

मित्रांनो, माझे काम आता संपले आहे. ते माप बदलले, मी फळीवर असतो, माझ्यावर धूळ बसते. त्याचे मला फार दुःख नाही. माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. तुमच्या घरातले कोणी मोठे माणूस उशिरा, अडखळत, स्वतःविषयी काही सांगू लागले, तर मध्येच उठू नका. रागवा, रडा, पटत नाही म्हणा, पण त्याचे पुरते सांगून होऊ द्या. आमची मालकीण रोज दुपारी डबा उघडते आणि समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहून त्या दिवशी अर्धवट राहिलेले पुढे सांगू लागते. ती वर्षे खोटी नव्हती, असे ती सांगते. तिचे म्हणणे अगदी खरे आहे. पण ते ऐकायला दुकानात मीच एकटा असतो, आणि मी लाकडाचा आहे.