कॅप्टन विलकॉक्स यांची हजेरी

मित्रांनो, चमकतो म्हणून मला सोन्याचा समजू नका. मी एक जुना बिल्ला आहे. आतून चांदी, वरून सोन्याचा मुलामा, आणि तोही कडांना उडालेला. पण माझा रुबाब बघाल तर बघतच राहाल!

अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या एका सोनाराने मला ओकच्या पानाचा आकार दिला. इंग्लंडच्या राजाशी चाललेले स्वातंत्र्ययुद्ध तेव्हा नुकतेच संपले होते. फौज मोडली होती आणि अधिकारी आपापल्या शेतांकडे, गलबतांकडे परतत होते. आठ वर्षे एका शेकोटीला बसलेली माणसे ती! त्यांनी मंडळ काढले. मैत्री तोडायची नाही, जो आधी जाईल त्याच्या बायकामुलांना बाकीच्यांनी सांभाळायचे, आणि आपल्यामागे प्रत्येक घरातल्या एकाने आपल्या जागी बसायचे, असे ठरले. त्या मंडळाची खूण म्हणून मी कॅप्टन जॉब विलकॉक्स यांच्या छातीवर लागलो. डावीकडे, काळजावर.

दर चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मंडळात हजेरी होते. गंमत म्हणजे नावे पुकारतात ती त्या पहिल्या अधिकाऱ्यांचीच. ज्याच्या छातीवर त्या घरचा बिल्ला असेल, त्याने मोठ्याने "हजर" म्हणायचे. सलग तीन वर्षे उत्तर आले नाही, की वहीत त्या नावावर काळी रेघ ओढतात आणि बिल्ला कायमचा काचेच्या कपाटात जातो. तिथे माझे अकरा भाऊ आहेत. फार चकचकीत आहेत बिचारे.

मीही एकदा तिथे जाता जाता वाचलो. कॅप्टनसाहेबांचा नातू इझरा फटकळ होता. राजाला हाकलले ते काय घरोघरी छोटे राजे बसवायला, असे म्हणून त्याने मला बटणांच्या डब्यात टाकले. दोन वर्षे मी कोटाच्या बटणांत लोळत होतो. मग एका वादळाने त्याच्या होड्यांच्या कारखान्याचे छप्पर उडवले. दुसऱ्या दिवशी मंडळाची नऊ माणसे हातोडे घेऊन आली. कोणी बोलावले नव्हते आणि कोणी भाषणही केले नाही. त्या जुलैत इझराने स्वतः डबा उपसून मला शोधले.

असा पिढ्यानपिढ्या हातांतून फिरत मी एसा विलकॉक्स यांच्याकडे आलो. तेही होड्या बांधत. त्यांचा "हजर" असा दणदणीत असे, की टेबलावरचे चमचे हलत! त्यांची नात फीबी चौदा वर्षांची. ती त्यांना चिडवायची, "आजोबा, तुमच्याकडे मेलेली माणसंही हजर असतात. आमच्या वर्गात जिवंत असून निम्मी गैरहजर!"

मग आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. दोन वर्षांच्या हजेऱ्या कोरड्या गेल्या. त्यांचा मुलगा दूर, देशाच्या दुसऱ्या टोकाला, ओरेगनला. न कमावलेला मान आपल्याला नको, असे त्याने कळवले. फीबीला मी हवा होतो. मंडळाने मुलींना दार उघडून बरीच वर्षे झाली होती. पण धारकाला बिल्ला आपल्या हाताने द्यावा लागतो, आणि आजोबा मला सोडायला तयार नव्हते. त्यांना तो शब्द स्वतःच म्हणायचा होता. रोज सकाळी मक्याची धिरडी थंड होत आणि आजोबा "ह… ह…" करत. फीबी समोर बसून वाट बघे. तिने एकदाही त्यांच्या तोंडचा शब्द पुरा केला नाही.

तिसऱ्या वर्षीची हजेरी आली. फीबीने आजोबांची चाकांची खुर्ची मंडळाच्या दिवाणखान्यात आणली. चिटणीस ब्राउनेल म्हणजे नियमाचे कडक. त्यांनी पुकारले, "कॅप्टन जॉब विलकॉक्स."

आजोबांचे ओठ हलले. आवाज नाही.

ब्राउनेल यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एवढा वेळ त्यांनी आयुष्यात कधी चष्मा पुसला नसेल. मग दुसऱ्यांदा नाव घेतले. आजोबांचा डावा हात माझ्यावर आला. मला वाटले, ते मला घट्ट धरत आहेत. पण नाही, ते माझी पिन काढत होते! पिन बोटाला टोचली, तरी त्यांनी फीबीला मदत करू दिली नाही. तिला खाली वाकवून त्यांनी मला तिच्या कोटावर लावले. वाकडे, आणि तेही उजवीकडे.

ब्राउनेल यांनी तिसऱ्यांदा, अगदी हळू, नाव उच्चारले.

"हजर," फीबी म्हणाली. आवाज फाटला, पण चमचे हलले.

मागून कोणीतरी कुजबुजले, बिल्ला चुकीच्या बाजूला आहे. ब्राउनेल यांनी वहीतून मान वर केली नाही. "आधी हजेरी," ते म्हणाले, "मग टाचणी." आणि आजोबांच्या गालावरून पाणी वाहत असताना पुढचे नाव पुकारले.

मी ज्या फितीला लटकतो, ती आता नवी आहे. आमच्याकडे जुन्या फितीचा तुकडा नव्या फितीच्या आत शिवतात. तो फीबीने शिवला. टाके वाकडे आहेत, पण तुटायचे नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, पण पुसून नुसत्या कपाटात ठेवू नका. मला कोणी जन्माने मिळवतो, हे खरे आहे. पण मला लावून वेळेला उभे राहणे, ते ज्याचे त्यालाच करावे लागते. तुमच्या घरातही कोणाचे तरी नाव कधीपासून पुकारले जात असेल. कान द्या, आणि ओ द्या.