ओस्नेची स्की

मी एक जुनी लाकडी स्कीची जोडी आहे, पायांना बांधून बर्फावरून घसरत जायची. नॉर्वेमधल्या एका दरीत, आस्लाकच्या घरामागच्या पडवीत खिळ्यांवर टांगलेली असते. आता जोडी म्हणायचं ते सवयीनं, कारण माझी डावी पट्टी पुढून मोडली आहे.

मित्रांनो, मला आस्लाकनं स्वतःच्या हातांनी घडवलं. उतारावरचं एक बर्चचं झाड त्यानं निवडलं, तोडून वाळवलं, तासलं आणि माझी टोकं वाफेवर वाकवली. हे सगळं ओस्नेसाठी. पुढे तिनं त्याच्याशी लग्न केलं. त्यात माझाही वाटा आहे, असं मी मानत आले आहे. रविवारी दोघं जेवणाचे डबे आणि संत्री घेऊन डोंगरावरच्या सपाट खडकापर्यंत जायची. वाटेत भेटणारे लोक थांबून माझ्याकडे बघायचे, आणि मी मनातून फुलून जायची.

ओस्ने गेली आणि मी खिळ्यावर आले. तरीही दर शरद ऋतूत आस्लाक मला खाली काढायचा. पाइनच्या लाकडाचं डांबर तापवून माझ्या तळव्यांत मुरवायचा, कारण ते नसेल तर लाकूड पाणी पितं. घरभर धुराचा वास सुटायचा. इतक्या वर्षांच्या थरांनी मी काळीकुट्ट झाले होते, पण पाण्याचा एक थेंबही मला शिवत नव्हता.

त्यांची मुलगी इंगुन सायकलच्या शर्यतींमध्ये उतरायची. बर्फ पडला की तळघरात सायकल उभी करून जागच्या जागी चाकं फिरवत बसायची. त्या हिवाळ्यात तिच्या प्रशिक्षकांनी बजावलं, "तळघर पुरे, स्की कर. दम वाढेल." ती वडिलांना म्हणाली, "बाबा, आईची स्की घेऊ का रे?"

आस्लाकचा चेहरा असा उजळला, की मला भरून आलं. शेजारीण बिर्गित अंगणात आली होती, तिला तो हळूच म्हणाला, "इंगुनला सांगू नकोस हं. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, हा शेवटचा हिवाळा, पुढे चढ बंद. एकदा लेकीला घेऊन ओस्नेच्या खडकावर बसून येतो. बास, मग मी मोकळा."

"अरे, मग सांग ना तिला!"

"सांगितलं तर ती मला घराबाहेर सोडेल का?"

निघायच्या आदल्या दिवशी इंगुननं मला खाली काढलं. पोरगी मनानं चांगली, कामाला चोख. सायकलची साखळी ती आरशासारखी लखलखीत ठेवायची. माझे काळे तळवे बघून तिनं नाक मुरडलं. साखळी धुवायचं औषध आणि ब्रश घेऊन बसली, आणि वर्षानुवर्षांचं डांबर तिनं खरवडून धुऊन टाकलं. मी कोवळ्या लाकडासारखी पांढरीफटक झाले. बाबांना आवडेल म्हणून ती खूश होती. मी ओरडले असते, पण आम्हाला तोंड कुठे असतं!

सकाळी आस्लाकनं मला उलटं करून पाहिलं. त्याचा हात तळव्यावर थबकला. मग तो म्हणाला, "छान घासलीस गं." निघायला उशीर नको म्हणून त्यानं जरासं मेण फासलं.

पहिल्या चढावर इंगुन दोनदा मागे घसरून आपटली. बिर्गित कुंपणावरून ओरडली, "काय गं, ब्रेक शोधतेस होय?" आस्लाक खूप दिवसांनी पोट धरून हसला.

पण ऊन तापलं, बर्फ ओला झाला आणि मी पाणी पिऊ लागले. मग झाडांच्या सावलीत तेच पाणी गोठलं. तळव्यांना बर्फाचे गोळे चिकटले. इंगुन पाऊल उचलून उचलून थकली. खडक समोर दिसत होता. मधल्या छोट्याशा उतारावर मी एकदम जागच्या जागी अडकले, ती पुढे फेकली गेली आणि माझी डावी पट्टी काडकन मोडली.

तिचा पाय मुरगळला होता. आस्लाकनं एकदा खडकाकडे पाहिलं, मग आपली स्की काढून लेकीला खांदा दिला. दोघं गुडघाभर बर्फातून परत फिरली.

"सॉरी बाबा. पुढच्या वर्षी जाऊ ना आपण. नक्की."

"जाऊ की," तो म्हणाला.

पुढचा बर्फ पडायच्या आत आस्लाक गेला.

डॉक्टर काय म्हणाले होते आणि माझे तळवे काळे का होते, हे बिर्गितनं तिला अंत्यविधीनंतर सांगितलं. इंगुन पडवीत आली आणि माझ्या पांढऱ्या तळव्याला गाल लावून रडली. तिचा राग मला कधीच आला नाही. तिला ठाऊक नव्हतं आणि त्यानं सांगितलं नाही, एवढंच.

म्हणून मित्रांनो, घरातली जुनी वस्तू चकचकीत करायला घ्याल, तेव्हा आधी ती सांभाळणाऱ्या माणसापाशी जाऊन बसा. ही अशी काळी का, म्हणून विचारा. तो सांगायला घरात आहे, तोवरच विचारा.