क्रूझरच्या घंटेने उगवलेला सूड

मित्रांनो, मी एका युद्धनौकेचा आवाज आहे. माझ्या एका टोल्यावर शेकडो खलाशी धावत सुटत आणि तोफा आभाळाकडे वळत. गेलं वर्षभर मात्र माझ्या तोंडात उपेंद्र नावाच्या गृहस्थांचा मोजा होता. डाव्या पायाचा.

मी एक जुनी पितळी घंटा आहे. माझी नौका सोविएत आरमाराची क्रूझर होती. तिच्या आराखड्याला इटलीच्या तज्ज्ञांनी मदत केली आणि पुढे युद्धात इटलीच शत्रू झाली. वेग हवा म्हणून चिलखत पातळ ठेवलं. त्यामुळे शत्रूचा गोळा सहज आत येई आणि आम्ही तितक्याच सहज पळून जाऊ. एकेका बुरुजात तीन तोफा इतक्या दाटीने बसवल्या होत्या, की एकदम डागल्या तर गोळे हवेतच एकमेकांना धक्के देत. ते कुठे पडतील हे शत्रूला कळत नसे. आम्हालाही नसे.

पण हसू नका. काळ्या समुद्रावरच्या एका वेढलेल्या बंदरातून आम्ही जखमी सैनिक, बायका, मुलं भरभरून बाहेर काढली. विमानं आली की मित्या नावाचा खलाशी मला बडवून सगळ्यांना सावध करी. एका फेरीत बडवता बडवता त्याच्या हातून माझी दोरी सुटली, ती त्याने पुन्हा धरलीच नाही. मी बराच वेळ एकटीच हलत राहिले. तेव्हाच ठरवलं, यापुढे माझा आवाज जो बंद करेल, त्याला मी सोडणार नाही.

युद्ध संपलं. कप्तानाला पदक मिळालं, तोफांना नवा रंग मिळाला, मला काहीच नाही. पुढे नौका भंगारात निघाली आणि हातोहात फिरत मी शारजाच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचले. तिथून उपेंद्ररावांनी मला अबुधाबीला नेलं, अल रीम आयलंडवर, तेविसाव्या मजल्यावर. पाहुणे आले की त्यांची छाती फुगे. "वॉरची आहे, ओरिजिनल!" पण खालच्याच मजल्यावर त्यांचे ऑफिसातले साहेब राहतात, तहा. साहेबांची झोप मोडू नये म्हणून तो मोजा.

घरात आणखी एका तोंडात मोजा होता, तो दिसत नसे एवढंच. ते तोंड उर्मिलाबाईंचं. माहेरी त्या गणपतीची आरती अशी म्हणत, की गल्लीच्या टोकाला लोक चपला काढत. इथे आल्यापासून सगळ्या आरत्या कुजबुजत. यंदा त्यांनी बजावलं होतं, "या वर्षी आरती आरतीसारखी होणार. नाहीतर मी म्हणणारच नाही."

गणपती बसले, पाहुणे जमले, निरांजन लागलं. उर्मिलाबाईंनी सूर लावला.

"हळू गं! खाली तहासाहेब!"

"अहो, गणपती आपले की तुमच्या साहेबांचे?"

"पण जरा..."

"आणखी हळू म्हटलं तर बाप्पाला सबटायटल्स लागतील."

पाहुण्यांतल्या शोभनामावशी फिसकन हसल्या. पुढच्या कडव्याला उपेंद्ररावांनी पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. तेव्हा उर्मिलाबाईंनी ताट एका हातात घेतलं, दुसऱ्या हाताने माझ्या तोंडातला मोजा खेचला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "धरा." आणि मला वाजवलं.

मित्रांनो, इतकी वर्षं साठवलेलं सगळं मी त्या टोल्यात घातलं.

या इमारतीत अलार्म इतक्या वेळा उगाच वाजतो, की त्याला कुणी भीक घालत नाही. माझा आवाज मात्र नवा होता. दारं उघडली. कुणी पासपोर्ट घेऊन, कुणी कुकर घेऊन जिन्याकडे धावलं. ते बघून उपेंद्ररावांना वाटलं, खरंच आग लागली! त्यांनी सगळ्यांत आधी मला उचललं, कडेवर घेतलं आणि पळत सुटले. प्रत्येक पायरीवर मी वाजत होते, प्रत्येक मजला रिकामा होत होता. मागून त्यांची लेक अस्मी ओरडत होती, "बाबा, दे आर रनिंग बिकॉज ऑफ अस!"

खाली लॉबीत वॉचमन आग शोधत होता. अख्ख्या इमारतीत आग एकच होती. ती उर्मिलाबाईंच्या ताटात होती आणि त्यांनी तिच्यावर हाताचा आडोसा धरला होता.

गर्दीतून तहासाहेब पुढे आले. अनवाणी. "ये किसने बजाया?"

उपेंद्ररावांनी मला पाठीमागे लपवलं. मी वाजले.

"घंटी इनकी है," उर्मिलाबाई म्हणाल्या. "बहुत शौक है इनको."

तहासाहेब मला निरखत राहिले. "उपेंद्र भाई, असली अलार्म बजता है तो मैं करवट बदलता हूं. आज जूते भूल गया. अब से ऑफिस की फायर ड्रिल आप कराएंगे. इसी से. ज़ोर से बजाना."

मग त्यांनी ताटाकडे पाहिलं. "और ये?"

"आरती अधूरी रह गई."

"तो यल्ला, ऊपर चलिए. पूरी कीजिए."

त्या दिवशी उर्मिलाबाई अशा गायल्या, की मला माझ्या नौकेचा भोंगा आठवला. साहेब शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते. उपेंद्ररावांनी ओठांवर बोट न्यायला हात उचलला, साहेबांकडे पाहिलं आणि तेही टाळ्या वाजवू लागले. इतका गोड सूड माझ्या तोफांनाही कधी जमला नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. नुसत्या पुसून भिंतीवर टांगू नका, त्यांना बोलू द्या. माणसांनाही. नाहीतर आम्ही वाट बघतो, आम्हाला घाई नसते.

बाकी माझं काही मागणं नाही. मोदक खाऊन कुणीतरी तुपाचे हात मला पुसलेत. तेवढं जरा कोमट पाण्याने काढता आलं तर बघा.