आकडा उतरला तेव्हा

पहिल्या तळ्यातली झाडून सगळी मासळी पांढरी पोटं वर करून तरंगत होती, आणि ताई काठावर उभी राहून म्हणत होती, "असं होऊच शकत नाही."

"झालंय की," धाकटा म्हणाला. "समोरच आहे. बघ."

धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. धंदा मत्स्यबीजाचा: अंडी देणाऱ्या माद्या पोसायच्या आणि पिल्लं विकायची. माद्या गेल्या की धंदा बसला. तशा पुन्हा वाढवायला वर्षं जातात. तळी दोन. पहिलं उथळ, दुसरं खोल. वर झाडांच्या सावलीत एक गार हौद, रिकामा. ऊन पेटलं, पाणी तापलं, तेव्हा त्यानं बहिणीला सरळ विचारलं होतं, "ताई, मासे वर हलवू की इथंच ठेवू?" विचारण्यासारखंच होतं. अंड्यावर आलेली मादी अशा तलखीत जाळ्यात धरली की खवले सोलवटतात, पोटातली अंडी वाया जातात, कधी मादीच जाते.

प्रयोगशाळेत ताईचं कामच हे. माशाच्या कल्ल्याचा इवलासा तुकडा घ्यायचा आणि हीट शॉक प्रोटीनचं जनुक किती जोरात चाललंय ते मोजायचं. उष्णतेनं पेशीतली प्रथिनं वेडीवाकडी होतात. ती पुन्हा सरळ करायला शरीर दुसरी प्रथिनं बनवतं, डागडुजी करणारी, तीच ही. आकडा चढला म्हणजे मासा वरून शांत पोहत असला तरी आत झुंज चालू आहे.

पहिल्या मोजणीत दोन्ही तळ्यांचे आकडे चढलेले. दुसऱ्या मोजणीत खोल तळ्याचा तसाच राहिला, उथळ तळ्याचा मात्र धाडकन खाली आला. अगदी गार पाण्यातल्या माशासारखा. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी आलेख बघून टेबलावर थाप मारली. "सवय झाली त्यांना! शरीर काय चीज आहे बघ!" ताईला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं. तिनं तिथूनच भावाला फोन लावला, "पहिल्यातल्यांना हात लावू नकोस. मजेत आहेत ते. दुसऱ्यातल्यांचं मग बघू."

मजेत!

"वन्सं," भावजय मागून आली. हातात रिकामी पाटी, डोळे कोरडे. "काल मी ह्यांना म्हटलं, पहिल्यातले खायला वर येईनात. हे म्हणाले, ताईनं मोजलंय. आता काय बोलू? माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही."

"तू गप गं," धाकटा म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

ताईनं वाकून पाण्यात हात घातला आणि मागे ओढला. कोमट कसलं, चहाला चढवल्यासारखं. उथळ पाणी, ते जास्त तापणारच. जास्त तापलेल्या पाण्यात आकडा कमी कसा येईल? हा प्रश्न तिला तेव्हा का पडला नाही? सरांना का पडला नाही? एवढ्या भिंगांतून बघणाऱ्या दोन डोक्यांना एवढं दिसू नये?



सवय झाली नव्हती. डागडुजी करणारेच संपले होते. जनुक शांत झालं ते मासा सुखात होता म्हणून नव्हे. झुंजायला अंगात काही उरलंच नव्हतं म्हणून. आणि ती शांतता बघून तिनं भावाला आनंदानं फोन केला होता.

फोन वाजला. सर. तिनं सगळं सांगितलं. पलीकडून लगेच, "अरेरे. नमुने घेतलेस का? ताजे असतानाच घे. हे फार मोलाचं आहे."

ताईनं फोन बंद केला. आणि खाली पाहिलं तर तिच्या दुसऱ्या हातात कल्ल्याचे नमुने कापायची कात्री होती. पिशवीतून कधी काढली, तिला कळलंच नव्हतं. धाकटा त्या कात्रीकडे बघत होता.

"कर की," तो म्हणाला. "तुझं काम कर."

तिला वाटलं, त्यानं मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं. तिनं कात्री गवतात फेकली.

"दुसऱ्यातले हलव. आत्ता. थांबू नकोस."

"कशावरून? त्यांचा आकडा तर चढलेला. परवा तूच म्हणालीस, चढलेला वाईट."

"चढलाय म्हणजे अजून झुंजतायत."

"किती वेळ झुंजतील?"

"माहीत नाही."

"धरताना मेले तर?"

"काही मरतील. किती, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही रे."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. लहानपणापासून ह्या बहिणीच्या तोंडून त्यानं 'माहीत नाही' ऐकलंच नव्हतं. मग त्यानं विजार गुडघ्यावर दुमडली आणि बायकोला हाक मारली, "जाळं आण. मोठं नको, मऊवालं."

"आणि वन्सं?" भावजयीनं विचारलं.

"ती येईल पाण्यात. पलीकडचं टोक कोण धरणार?"

ताई साडीनिशी खोल तळ्यात उतरली. पाणी छातीला लागलं. जाळ्यात पहिली मादी आली, भरल्या पोटाची, जड. तिनं शेपटीचा असा तडाखा दिला की ताईच्या तोंडावर पाणी उडालं.

"जोर आहे," धाकटा म्हणाला.

"बोलत बसू नकोस. पळ."

तो मादी गुंडाळलेली ओली गोणी छातीशी धरून वरच्या हौदाकडे पळत सुटला, आणि ताईनं पुढच्या मादीसाठी जाळं सरळ केलं.