विरूपाक्षी उजाळा

शाहूपुरीत विरूपाक्ष पेंटरांचं नाव निघालं, की माणसं आधी त्यांच्या उजाळ्याबद्दल बोलत. चित्र पुरं होत आलं, की पेंटर पांढऱ्या रंगात चिमूटभर पिवळा कालवायचे आणि चेहऱ्यावरून असा काही ब्रश फिरवायचे, की काळीठिक्कर सासूसुद्धा साखर कारखान्याच्या चेअरमनीणबाई दिसायला लागायची. गिऱ्हाईक खूश, गिऱ्हाइकाचे पाहुणे खूश. चित्रकलेच्या शाळेतले जुने दोस्त तोंडावर वाहवा करत आणि पाठ फिरली की म्हणत, हा माणूस चित्र काढत नाही, पावडर लावतो. पेंटरांच्या कानावर ते यायचं. वाईटही वाटायचं, पण ते वाईट वाटणं संध्याकाळच्या चहापर्यंतच टिकायचं.

चित्रं बहुतेक गेलेल्या माणसांची. घरचे फोटो आणून देत, पण त्या फोटोत असून असून काय असणार, तर नुसता चेहरा. मग खांदे, पदर, मांडीवर ठेवलेले हात कुठून आणायचे? त्यासाठी महादेवी होती, पेंटरांची बायको. चाळीस वर्षं ती नऊवारी नेसून नवऱ्यासमोर बसली. मलकापूर म्हणू नका, नृसिंहवाडी म्हणू नका, घराघरांतल्या भिंतींवर ती दुसऱ्या बायकांच्या मानेखाली टांगलेली होती.

एके दुपारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "अवो, एकदा मला तोंडासकट काढा की."

"आता? ह्या वयात?"

"आता न्हाय तर कवा? इतकी वर्सं मुंडकं नसल्यागत बसलोय मी."

पेंटरांना लाज वाटली, अगदी आतून वाटली. त्यांनी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, की हे चित्र खरं काढायचं. तिचा सावळा रंग, लहानपणी देवी येऊन गेल्याचे नाकावरचे वण, कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे, सगळं आहे तसं. उजाळा बिलकूल नाही. हात थरथरायला लागले होते, म्हणजे पुढे फार चित्रं होणार नव्हती. मरायच्या आधी एक तरी खरं चित्र आपल्या हातून व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

नऊ दिवस ती बसली. पेंटरांनी तिला चित्राकडे फिरकू दिलं नाही. इतक्या आनंदात त्यांनी कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी तिला हाक मारली.

महादेवीनं पदरानं चष्मा पुसला आणि बराच वेळ बघितलं. "हात माझंच हायत," ती म्हणाली. "ही बाई कोण?"

"तूच की गं."

"मग नाकावरचं वण कुटं गेलं?"

पेंटरांनी चित्राकडे बघितलं. वण नव्हते. हनुवटी निमुळती झाली होती. रंग गव्हाळ झाला होता. उजाळा द्यायचा नाही हे डोक्यानं ठरवलं होतं. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. तो नऊ दिवस रोज थोडा थोडा उजाळा देत बसला होता. बायको समोर बसलेली, आणि हात मात्र सवयीचीच बाई काढत होता. चेहऱ्यावर खरी होती ती फक्त विभूती.

"खरवडून काढतो," पेंटर म्हणाले. "तू परत बस."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दूधधंद्यातले विजयसिंह वर आले. महिन्यापूर्वी त्यांनी आईचा, म्हणजे त्यांच्या आक्काचा, फोटो देऊन ठेवला होता. मतदान कार्डावरचा तो फोटो, त्यात केसांच्या भांगापलीकडे धड काही दिसत नव्हतं. ते चित्र पेंटरांनी अजून सुरूही केलं नव्हतं. विजयसिंह दारातच थबकले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आक्का! पेंटर, अवो आमची आक्काच बसल्याली हाय की!"

ही माझी बायको आहे, एवढंच म्हणायचं होतं. पेंटरांनी तोंड उघडलंही. पण समोर एवढा दांडगा गडी हुंदके देत होता, आणि आजवर त्यांच्या चित्रापुढे असं कुणी रडलं नव्हतं. मेल्या मोहाला काय म्हणावं! पेंटर सुखावले. "व्हय," ते म्हणाले, "आजच झालंय."

"कपाळ तेवढं बघा," विजयसिंह डोळे पुसत म्हणाले. "आमच्यात ही विभूती लावत न्हाईत. कुक्कू मोठं करा. सवाष्ण गेली आमची आक्का."

पेंटरांनी महादेवीकडे बघायचं टाळलं. रंग अजून ओला होता. टर्पेंटाइनचं फडकं त्यांनी कपाळावरून फिरवलं, तसे तिन्ही पट्टे पुसले गेले. मग त्या जागी ठसठशीत कुंकू रेखलं.

"बसा पावणं, च्या टाकतो," म्हणून महादेवी आत गेली.

चहा पिऊन, ओलं चित्र दोन्ही हातांनी जपत विजयसिंह जिना उतरले. पेंटरांनी घाईघाईनं कोरा कॅनव्हास लावला. ब्रश पुसला. "ये गं. उजेड हाय अजून. नव्यानं काढतो, आईशप्पत जशी हाईस तशी."

महादेवी ओले हात पदराला पुसत दारात आली. रागावलेली दिसत नव्हती, दमलेली दिसत होती.

"नगं," ती म्हणाली. "मी मेल्यावर काढा, फोटोवरनं. जित्तं माणूस दिसतच न्हाय तुमास्नी."